श्रीमंत वराचा अपराध : ‘शारदा’पासून ‘कुंकू’पर्यंत

म्हैसूर शहराचे जुने भाग मोहल्ल्यांच्या नावांनी ओळखले जातात. त्यांपैकी एकाचे नाव मंडी मोहल्ला. मंडी म्हणजे बाजार आणि मोहल्ला म्हणजे वस्ती. माल जोखून घेण्याची जागा आणि माणसांनी संसार मांडण्याची जागा यांचा असा सलग उच्चार आपल्याकडच्या अनेक शहरांत ऐकू येतो; त्यात वावगे काही नाही. परंतु बाजाराचा व्यवहार वस्तीचा उंबरठा ओलांडून घरात शिरला आणि घरातल्या मुलीची किंमत ठरू लागली म्हणजे काय होते, हा प्रश्न याच म्हैसूर संस्थानाने १८९४ साली कायद्याच्या भाषेत विचारला होता. त्या वर्षीच्या बालविवाह-प्रतिबंधक निर्बंधाने आठ वर्षांखालील मुलीचे लग्न निषिद्ध ठरविले, आणि त्याबरोबर आणखी एक कलम घातले. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह करणे हाही त्याने गुन्हा मानला. पहिले कलम मुलीच्या वयाचे होते. तसे कायदे पुढे इतरत्रही झाले. दुसरे कलम वराच्या वयाचे होते. प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या कलमाचे महत्त्व अधिक वाटते.

कारण या कलमाने अपराधी कोण, या प्रश्नाचे उत्तर बदलले. आणि नेमका हाच प्रश्न मराठी नाटक आणि मराठी चित्रपट यांनी पुढील चाळीसेक वर्षांत आपापल्या रीतीने सोडविण्याचा प्रयत्न केला. प्रेमकथेतील श्रीमंत खलनायकाचे नैतिक मूल्यमापन कसे करावे, यासंबंधी आपल्या समीक्षेत दोन टोकाच्या समजुती रूढ आहेत. एक अशी की, तो श्रीमंत आहे आणि नायक गरीब आहे, एवढ्यानेच न्यायनिवाडा संपतो. संपत्ती हाच त्याचा गुन्हा. दुसरी अशी की, खलनायक ही कथानकाची एक गरज असते. तिला नीतीच्या मापाने मोजणे हे रसिकाचे काम नव्हे. या दोन्ही समजुती मला अपुऱ्या वाटतात. त्यांचे अपुरेपण दाखविण्यासाठी १८९९ सालचे ‘संगीत शारदा’ आणि १९३७ सालचा ‘कुंकू’ या दोन कृतींचा इतिहास एकत्र वाचणे उपयोगी पडेल.

प्रथम परंपरेकडे पाहू. धर्मशास्त्राने जे आठ विवाहप्रकार सांगितले, त्यांत वराने कन्येच्या नातलगांना द्रव्य देऊन केलेल्या विवाहाला ‘आसुर’ हे नाव दिले. मनुस्मृतीने कन्येचे शुल्क घेणाऱ्या पित्याची निंदा केली असून, लोभाने असे शुल्क घेणारा अपत्यविक्रय करतो असे म्हटले आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोषाचा मुख्य भार विक्रेत्यावर, म्हणजे पित्यावर, टाकलेला आहे. द्रव्य देणाऱ्याचे वय, त्याची वासना, त्याची योग्यता यांची चिकित्सा त्या प्रमाणात आढळत नाही. विकणारा पापी, घेणाऱ्याविषयी शास्त्र काहीसे सौम्य. आणि जिचा व्यवहार होतो ती मुलगी या हिशोबात कर्तीही नाही व फिर्यादीही नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’ने हा सारा व्यवहार रंगभूमीवर उघडा केला. देवलांची इतर नाटके संस्कृत वा पाश्चात्य कृतींच्या आधारे उभी आहेत. ‘शारदा’ हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक. भुजंगनाथ हा धनाढ्य, पंचाहत्तरीच्या घरातला विधुर; कांचनभट हा पैशाला हपापलेला बाप; भद्रेश्वर दीक्षित हा दोघांच्या मध्ये उभा असलेला दलाल; आणि या तिघांच्या मधोमध कोवळ्या वयाची शारदा. नावांतच देवलांनी निवाडा करून ठेवला आहे. वराच्या नावात साप आहे, बापाच्या नावात सोने आहे. तरीही नाटक पाहताना प्रेक्षकाचा खरा संताप कोणावर होतो? भुजंगनाथाला प्रेक्षक हसतो. त्याचे थकलेले शरीर, त्याचा शृंगाराचा उत्साह, तारुण्याचा आव आणण्याची त्याची धडपड ही सारी विनोदाची सामग्री होते. चीड येते ती कांचनभटाची. म्हणजे अपराधाची वाटणी करताना देवल परंपरेच्या जवळच राहिले: विकणारा अधम, घेणारा हास्यास्पद.

या हास्याची चिकित्सा आपल्या साहित्यशास्त्राच्या आधारे करता येते, आणि ती केली म्हणजे ‘खलनायकाला नीतीचे माप लावू नये’ ही समजूतही आपोआप सैल होते. संस्कृत साहित्यशास्त्रात जेथे रती उभयनिष्ठ नाही, म्हणजे एकाच बाजूला आहे, तेथे शृंगार न मानता शृंगाराभास मानला आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हे स्पष्टपणे नोंदविले आहे. रसभंगाचे कारण अनौचित्य, असे आनंदवर्धनाचे मत प्रसिद्धच आहे. रावणाची सीतेविषयीची अभिलाषा वरवर शृंगारासारखी दिसते. पण ती एकाकी असल्यामुळे तिचे पर्यवसान हास्याकडे होते, अशी अभिनवगुप्ताची मीमांसा आहे. याचा अर्थ असा की, समोरच्या व्यक्तीची संमती आहे की नाही हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राने नीतिशास्त्राच्या दारात सोडून दिलेला नाही; तो रसाच्या घटनेतच गोवला आहे. जेथे दुसऱ्याचे मन नाही, तेथे रस पुरा होत नाही. म्हणून प्रेमकथेतील श्रीमंत खलनायकाचा निवाडा करणे हे कलेवर बाहेरून लादलेले काम नव्हे. ते कलाकृतीच्या अंगचेच काम आहे. देवलांना हे शास्त्र ठाऊक होते की नव्हते हा प्रश्न गौण आहे. भुजंगनाथाचा शृंगार त्यांनी हास्यात विसर्जित केला, तेव्हा त्यांची नाट्यबुद्धी याच वाटेने गेली.

असे असूनही ‘शारदे’च्या शेवटाकडे पाहिले की एक अडचण उभी राहते. ते लग्न मोडते कशाने? मुलगी कोवळी आणि नवरा जख्खड, या कारणाने नाही. मुलीच्या इच्छेविरुद्ध, या कारणानेही नाही. वर आणि वधू सगोत्र आहेत हे कोदंड उघडकीस आणतो आणि त्या शास्त्रीय आक्षेपावर लग्न थांबते. पुढे अर्ध्यावर मोडलेल्या या लग्नामुळे आपल्याला आता कोण स्वीकारणार, या विचाराने शारदा नदीत जीव देऊ पाहते. कोदंड तिला वाचवितो आणि अखेर धर्मपीठाच्या मान्यतेने दोघांचा विवाह होतो. सुधारणेचा कैवार घेणारे हे नाटक आपला न्याय मिळविते ते शास्त्राच्या एका तांत्रिक नियमाच्या आधाराने. भुजंगनाथाचे गोत्र वेगळे असते तर? हा प्रश्न नाटकाने विचारलेला नाही. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी म्हैसूरच्या निर्बंधाने तो विचारला होता, आणि वराचे वय हेच पुरेसे कारण आहे असे उत्तरही दिले होते. त्या संस्थानाच्या हद्दीत, मंडी मोहल्ल्यातल्या एखाद्या धनिकाने असा बेत केला असता, तर गोत्राची चौकशी करण्याची गरज कायद्याला पडली नसती.

हा प्रश्न केवळ मराठी मुलखाचा नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गुरजाड अप्पाराव यांचे ‘कन्याशुल्कम्’ हे तेलुगू नाटक १८९२ साली रंगभूमीवर आले आणि १८९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील लुब्धावधानी हा भुजंगनाथाचा सख्खा भाऊ शोभावा असा कृपण म्हातारा; मात्र तेथे मुलीच्या वेषातला मुलगा त्याच्या गळ्यात बांधून त्याची फजिती केली जाते. ‘शारदे’च्याच वर्षी, १८९९ साली, गुलवाडी वेंकटराव यांची ‘इंदिराबाई’ ही कन्नडमधील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ओळखली जाणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात तरुण विधवेचा पुनर्विवाह हा विषय आला. एका दशकाच्या आत तीन भाषांमध्ये स्त्रीच्या विवाहाचा प्रश्न साहित्याच्या ऐरणीवर आला, हे योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही. १८८४ साली मलबारींनी बालविवाहावर टिपणे प्रसिद्ध केली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय बारा झाले. आणि या दोहोंच्या मध्ये मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंचा खटला गाजला.

रखमाबाईंच्या खटल्याचे येथे स्मरण करण्याचे विशेष कारण आहे. लहानपणी लावून दिलेले लग्न आपल्याला मान्य नाही, या भूमिकेवर एक स्त्री ठाम उभी राहिली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. तो पुढे फिरला आणि १८८७ साली पतीकडे जा अथवा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा, असा पर्याय तिच्यापुढे ठेवण्यात आला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पतीने तडजोड केली. या प्रकरणात पती धनवान नव्हता, हे फार बोलके आहे. श्रीमंती नसतानाही अन्याय तोच होता. म्हणजे अन्यायाचे बीज संपत्तीत नसून, स्त्रीच्या नकाराला किंमत नाही या गृहीतकात होते. संपत्ती त्या गृहीतकाला हात-पाय देते, एवढेच. ‘श्रीमंत म्हणून दुष्ट’ हे समीकरण येथेच लंगडे पडते.

आता ‘कुंकू’कडे येऊ. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली पुण्यात हा बोलपट काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ या नावाने आला. काकासाहेब हे वकील, प्रतिष्ठित, सुखवस्तू, विधुर. त्यांना नीरेच्या वयाची मुलगा व मुलगी आहेत. ज्यांनी नीरेला वाढविले त्या नातलगांनीच हे लग्न तिच्यावर लादले आहे. नीरा लग्न झाल्यावर त्या घरात राहते, परंतु पत्नीपण नाकारते. दुःख सोसता येते, अन्याय सोसता येत नाही, ही तिची भूमिका. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब यांचा हा सामना हेच चित्रपटाचे नाट्य. पार्श्वसंगीताचा मोह टाळून घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक ध्वनी वापरण्याचा जो प्रयोग शांतारामांनी केला, त्याने या सामन्याला एक प्रकारची निर्भूषण कठोरता आली. प्रेक्षकाने कोठे कळवळावे हे सांगणारी वाद्ये येथे नाहीत. भिंतीवरचे जुने घड्याळ आपले ठोके देत राहते.

भुजंगनाथ आणि काकासाहेब यांच्यात सामाजिक स्थितीचे साम्य असले तरी नैतिक प्रकृतीचे अंतर मोठे आहे. काकासाहेब कायदा जाणणारे, सुशिक्षित गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी समाजकार्यात रमलेली, आणि तिची सहानुभूती नीरेला आहे. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली, ज्यांनी पुढे प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाच्या प्रचाराला स्वतःला वाहून घेतले. अशा घरातल्या माणसाला आपण काय केले हे समजत नाही असे म्हणण्याची सोय नाही. भुजंगनाथाला विवेक नाही म्हणून तो हास्याला पात्र होतो. काकासाहेबांना विवेक आहे म्हणूनच ते हास्याच्या आवाक्याबाहेर जातात. ज्याला कळत नाही त्याच्यापेक्षा ज्याला कळते आणि तरीही जो करतो, त्याचा अपराध अधिक. पण पश्चात्तापाची शक्यताही त्याच्याच ठिकाणी अधिक. शांतारामांनी शृंगाराभासाचे पर्यवसान करुणात केले ते या शक्यतेच्या बळावर.

आणि येथे एक धोका आहे. दाते यांचा अभिनय इतका समर्थ की प्रेक्षकाची सहानुभूती हळूहळू नीरेकडून काकासाहेबांकडे सरकू शकते. आरशात स्वतःचे म्हातारपण न्याहाळणारा हा माणूस आपल्याला केविलवाणा वाटतो, आणि केविलवाणा वाटला की तो निरपराधही वाटू लागतो. समीक्षकाने करुणा आणि निर्दोषता या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये. आपण एखाद्याची कीव करतो म्हणून त्याच्या हातून झालेला अन्याय लहान होत नाही. काकासाहेबांच्या वार्धक्याचे दुःख खरे आहे. परंतु ते दुःख नीरेने निर्माण केलेले नाही, आणि त्याचे निवारण करणे हे तिचे कर्तव्यही नाही. चित्रपट हे पुष्कळ अंशी जाणतो, हे त्याचे श्रेय.

‘कुंकू’चे सर्वांत मोठे श्रेय मात्र मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. नीरेला प्रियकर नाही. प्रेमकथेच्या रूढ साच्यात श्रीमंत खलनायकाचा अपराध हा बहुधा प्रियकराच्या संदर्भात मांडलेला असतो. नायक-नायिकेचे प्रेम आहे. धनिक मध्ये येतो. बाप कर्जाने किंवा लोभाने त्याला वश होतो. म्हणून धनिक खल. या मांडणीत नकळत असे सुचविले जाते की अन्याय झाला तो नायकावर, त्याची हक्काची वस्तू दुसऱ्याने पळविली म्हणून. ‘शारदे’त कोदंड आहे, तो नसता तर शारदेच्या नकाराला नाटकात कितपत बळ राहिले असते? मोलियरच्या ‘कृपण’ या १६६८ सालच्या प्रहसनात आर्पागोंला ज्या तरुणीशी लग्न करायचे असते, तिच्यावर त्याच्याच मुलाचे प्रेम असते. तेथेही म्हाताऱ्याच्या पराभवाला तरुण प्रियकर लागतोच. नीरा मात्र एकटी आहे. ती कोणा दुसऱ्याची होऊ इच्छिते म्हणून काकासाहेबांना नाकारते असे नाही; ती स्वतःची आहे म्हणून नाकारते. म्हणून तिचा नकार हा शुद्ध नैतिक नकार ठरतो, आणि काकासाहेबांचा अपराधही प्रथमच नेमक्या जागी, नेमक्या व्यक्तीविरुद्ध, सिद्ध होतो.

या मुद्द्याची परीक्षा पाहण्यासाठी ‘देवदास’ आठवावा. शरच्चंद्रांची ही कादंबरी १९१७ सालची; न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी तिच्यावरून चित्रपट काढला तो १९३५ साली, ‘कुंकू’च्या अवघी दोन वर्षे आधी. पार्वतीचा नवरा भुवन चौधरी हा जमीनदार आहे, विधुर आहे, वयाने पुष्कळ मोठा आहे आणि त्याची मुले मोठी झालेली आहेत. म्हणजे काकासाहेबांची आणि त्याची स्थिती जवळजवळ एकच. तरीही भुवन चौधरीला कोणी खलनायक म्हणत नाही. का? कारण त्या कथेचे सारे लक्ष प्रियकराच्या जखमेवर आहे. देवदासचा नाश हा देवदासच्या दुबळेपणाचा परिणाम म्हणून चितारला आहे, आणि पार्वती आपल्या सासरी कर्तव्यदक्ष गृहिणी होऊन राहते. तिने नकार दिला नाही म्हणून तो विवाह न्याय्य ठरला काय? तोच व्यवहार, तेच वय, तीच संपत्ती. एका चित्रपटात तो विवाह पार्श्वभूमीचा तपशील होतो आणि दुसऱ्यात अन्यायाचे केंद्र होतो. फरक पडतो तो केवळ स्त्रीला बोलण्याची मुभा मिळाली की नाही यामुळे. प्रेमकथेतल्या श्रीमंत पुरुषाचा निवाडा करताना नायकाचे किती नुकसान झाले हे मोजण्याऐवजी स्त्रीला विचारले गेले की नाही हे पाहावे, असे म्हणण्याचे कारण हेच.

‘कुंकू’चा शेवट सर्वश्रुत आहे. काकासाहेबांना आपली चूक उमगते. नीरेने योग्य व्यक्तीशी पुन्हा विवाह करावा अशी इच्छा लिहून ठेवून ते आत्मघात करतात. या शेवटावर उदारतेचा शिक्का मारून पुढे जाण्याची वहिवाट आहे. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. जिवंतपणी काकासाहेब तिला मोकळे का करू शकत नाहीत? उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी त्या काळच्या कायद्यात शोधले पाहिजे. १९३७ साली मुंबई इलाख्यात, ज्या जातींत रूढीने काडीमोड मान्य होता त्या वगळता, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग उपलब्ध नव्हता. मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा झाला तो १९४७ साली. त्यातल्या कारणांतही विजोड वय हे कारण नव्हतेच. अखिल भारतीय हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. परस्परसंमतीने विवाहविच्छेद करण्याची तरतूद त्यात १९७६ साली आली. विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर मुभा मात्र १८५६ सालापासून होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कथानकाची कोंडी स्पष्ट होते. पांढरपेशा हिंदू घरातली स्त्री पतीच्या हयातीत मोकळी होऊ शकत नव्हती; ती मोकळी व्हायची तर विधवा होऊनच. काकासाहेबांचा मृत्यू हा केवळ भावनेचा उद्रेक नाही. तत्कालीन कायद्याने कथेला ठेवलेला तो एकच दरवाजा होता.

१९२९ सालच्या बालविवाह-नियंत्रण कायद्याचाही नीरेला उपयोग नव्हता. हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९३० साली अमलात आला. मराठी लोकांनी त्याला ‘शारदा कायदा’ म्हणून आपलेसे केले, तेव्हा देवलांच्या नायिकेची सावली त्या उच्चारावर पडली असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. त्याने मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. परंतु म्हैसूरच्या निर्बंधातील दुसरे कलम, म्हणजे वराच्या वार्धक्याला हात घालणारे कलम, त्याच्यात नव्हते. जाणत्या वयाची नीरा या कायद्याच्या रक्षणाबाहेर होती. म्हैसूरचे कलम तरी तिच्या उपयोगी पडले असते काय? नाही, कारण तेही चौदा वर्षांपर्यंतच पाहत होते. कायद्याची जेथे हद्द संपते तेथून ‘कुंकू’ सुरू होतो. सज्ञान स्त्रीच्या संमतीवाचून झालेले लग्न, हा त्या काळच्या कायद्याला न दिसणारा अपराध त्याने पडद्यावर दृश्य केला. कलाकृतीने नीतीची सेवा केली असे म्हणायचे असेल तर ते या अर्थाने म्हणावे.

तरीही काकासाहेबांच्या अखेरच्या कृतीविषयी एक शंका उरतेच. पत्नीने पुढे काय करावे हे पती मरताना लिहून ठेवतो. तिला स्वातंत्र्य मिळते, पण ते दिलेले स्वातंत्र्य असते. देणाऱ्याचा हात शेवटपर्यंत वरच राहतो. नीरेने जे लढून मिळविले होते ते औदार्याच्या खात्यावर जमा होते. शिवाय ज्या समाजात ती उद्या कुंकवावाचून वावरेल, तो समाज त्या पत्राचा मान राखील याची हमी कोण देणार? याच वर्षी हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा होऊन विधवेला पतीच्या मिळकतीत, मर्यादित स्वरूपाचा का होईना, मुलाइतका वाटा मिळू लागला. म्हैसूर संस्थानाने तर १९३३ सालीच स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला होता. श्रीमंत पुरुषाच्या अपराधाचे परिमार्जन करताना त्याच्या श्रीमंतीचे काय करायचे, हा प्रश्न कायद्याच्या दरबारात येऊन पोचला होता. चित्रपटाचे लक्ष मनाच्या शुद्धीवर आहे. मिळकतीच्या वाटणीवर नाही. ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल. ज्या संपत्तीने अन्याय शक्य केला तिला न शिवता केवळ अंतःकरण बदलून दाखविणे, हा सुधारकी मध्यमवर्गाचा आवडता उपाय होता, आणि ‘कुंकू’ त्या वर्गाचेच अपत्य आहे. काडीमोड आणि पाट ज्या जातींना अपरिचित नव्हते त्यांच्या दृष्टीने नीरेची कोंडी थोडी परकी वाटली असेल, हेही सांगितले पाहिजे.

पुढील मराठी चित्रपटात धनिक खलनायकाचे रूप बदलले. तो वाड्यातून गावच्या पाटीलकीत गेला. अनंत मानेंच्या १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’त पाटलाचे पाप तमाशाच्या बोर्डावरून, भर गावासमोर, त्या पापाची झळ सोसलेल्या घरातली मुलगी सांगते. येथे हास्यही नाही आणि पश्चात्तापाची वाट पाहणेही नाही. येथे साक्ष आहे. ‘शारदे’त न्याय शास्त्राने दिला, ‘कुंकू’त अपराध्याच्या अंतःकरणाने दिला, ‘सांगत्ये ऐका’त तो पीडितेच्या वाणीने मागितला. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तला विजय तेंडुलकरांचा हिंदुराव धोंडे पाटील प्रेमकथेचा खलनायक उरलेला नाही, सहकाराच्या साखरेवर पोसलेली ती सत्ताच आहे. खलनायक जसजसा सामाजिक होत गेला तसतसे त्याचे मन धूसर होत गेले, आणि काकासाहेबांसारखा आतून पोखरला जाणारा धनिक मराठी पडद्यावर दुर्मीळ झाला. हा लाभ की हानी, याचे उत्तर सोपे नाही. व्यक्तीचा विवेक सोडून केवळ व्यवस्थेला दोष दिला की अपराध सगळ्यांचा होतो आणि कोणाचाच राहत नाही.

या साऱ्या विवेचनातून जे सूत्र हाती लागते ते असे. परंपरेने विकणाऱ्याकडे बोट दाखविले. १८९४ च्या म्हैसूर निर्बंधाने विकत घेणाऱ्याला अपराध्याच्या पिंजऱ्यात उभे केले. देवलांनी त्या दोघांचा सौदा हसत-हसत उघडा पाडला, परंतु न्यायासाठी गोत्राचा आधार घेतला. आपटे-शांतारामांनी सौद्यातल्या ‘वस्तू’ला वाचा दिली आणि अपराध कोणाविरुद्ध घडला हे स्पष्ट केले. प्रेमकथेतील श्रीमंत खलनायकाची नैतिक चिकित्सा करताना या तिन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. त्याच्याजवळ धन किती, हा प्रश्न पहिल्या पायरीवरचा. त्या धनाने त्याने कोणाकोणाला सामील करून घेतले, हा दुसऱ्या पायरीवरचा. आणि जिच्यासाठी हे सारे चालले तिला कोणी काही विचारले काय, हा शेवटचा आणि निर्णायक. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर धनिकाचा पश्चात्ताप कितीही हृद्य असो, नायकाचे दुःख कितीही मोठे असो, निवाडा बदलत नाही.

म्हैसूरच्या बाजारपेठेतून जाणारा मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाने ओळखला जातो. मंडी मोहल्ल्याच्या अनेक पत्त्यांत ते नाव आढळते. सयाजीरावांनी १९०४ साली आपल्या संस्थानात बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि मुलीचे किमान वय बारा ठरविले. दोन संस्थानांच्या विवाहसुधारणेची आठवण अशी एका बाजाराच्या रस्त्यावर एकत्र आली आहे. त्या रस्त्यावर आजही मालाचे भाव होतात, आणि ते व्हावेतच. भाव कशाचा करावा आणि कशाचा करू नये, ही जाण मात्र बाजार देत नाही. कायदा ती थोडी देतो, पुष्कळदा उशिरा देतो. उरलेले काम नाटकाने आणि चित्रपटाने करावयाचे असते. भुजंगनाथाला हसून आणि नीरेचा नकार ऐकून मराठी प्रेक्षकाने ती जाण काही अंशी कमावली. ती टिकवायची तर पुढच्या प्रत्येक प्रेमकथेत श्रीमंत माणूस पडद्यावर आला की त्याच्या गाडी-वाड्याकडे न पाहता आपण त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिले पाहिजे.